लाल गाडीचा मक्ता

मुंबई शहरातील ट्राम, बस आणि विजेचा धंदा नगरपालिकेने खाजगी कंपनीकडून विकत घेतला तो दिवस ७ ऑगस्ट १९४७ चा होय. आणि देशाला स्वातंत्र्य मिळण्यास अवघा एक आठवडा उरला असताना घडलेल्या या खरेदीचे महत्त्व पुढे त्या थोर घटनेच्या तेजात झाकोळून गेले असले, तरी ‘बेस्ट’ या नावाने चालणाऱ्या या उपक्रमाच्या आगारांतून तो दिवस आजही ‘बेस्ट दिन’ म्हणून पाळला जातो. १८७४ साली घोड्यांनी ओढलेली ट्राम, १९०७ साली विजेवर धावणारी ट्राम आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर निघालेली पहिली मोटारबस, हे तिन्ही टप्पे खाजगी भांडवलाच्या छत्राखाली पार पडले होते. कंपनी बुडाली म्हणून नगरपालिकेने ती घेतली असेही नव्हते. शहराच्या रस्त्यावरून शहराच्या माणसांना नेणारी गाडी शहराच्या मालकीची असावी, इतकाच त्या पिढीच्या कारभाऱ्यांचा सरळ विचार होता, आणि त्या विचाराच्या बळावर पुढली सत्तर वर्षे हा उपक्रम चालला.

त्या उपक्रमाच्या ताफ्यात एकेकाळी स्वतःच्या चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ साली ही संख्या हजाराच्याही खाली आली. रस्त्यावर लाल गाड्या दिसतात, त्यांच्यावर बेस्टचेच नाव असते, भाडेही बेस्टच ठरविते. पण त्यांतील बहुसंख्य गाड्या कंत्राटदारांच्या आहेत. आगारात सकाळच्या पाळीच्या वेळी जाऊन उभे राहिले तर एकाच फाटकातून दोन प्रकारची माणसे आत येताना दिसतात: कायम नोकरीतील आणि कंत्राटी. त्यांची हजेरी निराळी, पगार निराळा, आणि उद्या काही बिनसले तर गाऱ्हाणे मांडण्याची जागाही निराळी. उतारूला यांतले काही कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही. त्याला गाडी वेळेवर हवी असते.

या व्यवस्थेला दफ्तरी भाषेत वेट लीज म्हणतात. तिची रचना अशी की गाडी, चालक आणि देखभाल-दुरुस्ती कंत्राटदाराची. मार्ग, वेळापत्रक, आगाराची जागा आणि बहुतेक करारांत वाहकही उपक्रमाचा. आणि कंत्राटदाराला मोबदला मिळतो तो गाडी जितके किलोमीटर धावेल त्या मानाने. गाडीत दहा माणसे बसोत वा साठ, त्याच्या देयकात फरक पडत नाही. तिकिटाचे उत्पन्न उपक्रमाच्या पेटीत जाते आणि तोट्याची जोखीमही तेथेच राहते. निविदा निघते, दर किलोमीटरला सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते आणि काही वर्षांचा करार होतो. खाजगी क्षेत्राला धंद्याची जोखीम पत्करू द्यावी, अशी या सुधारणेची तात्त्विक बैठक सांगितली जाते. पण ज्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक आले काय नि न आले काय सारखेच, त्याने कोणती व्यापारी जोखीम घेतली हे मला अद्याप उमगलेले नाही.

तथापि गाडीची मालकी खाजगी असावी की सार्वजनिक, या वादात शिरण्याचा या लेखाचा हेतू नाही. त्या वादात दोन्ही बाजूंचे वक्ते आपापली भाषणे पाठ करून आलेले असतात. मला विचारावयाचे आहे ते याहून लहान आणि अधिक अडचणीचे आहे. निविदेची जाहिरात निघते तेव्हा खाजगी कंपन्यांनी आपला दर मोहोरबंद लिफाफ्यात घालून द्यावा, असे त्यांना सांगितले जाते. मग हेच काम सत्तर वर्षे करीत आलेल्या घरच्या खात्याला, त्याच अटींवर, त्याच नव्या गाड्या धरून, त्याच दिवशी आपलाही दर लिफाफ्यात घालण्यास का सांगितले जात नाही? स्पर्धेचे गुण गाऊन जी व्यवस्था आणली गेली, तिच्यात एका पक्षाला स्पर्धेस उभे राहण्याची मुभाच नसावी, हा शिरस्ता कोठून आला?

सरकारी काम लिलावात काढण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही, हे येथे आडवळणाने सांगावेसे वाटते. नाना फडणविसांच्या अमदानीत मामलतीचा वसूल मामलतदार करी खरा, पण त्याच्या शेजारी हुजुरातून नेमलेले दरखदार बसविलेले असत. त्यांना काढण्याचा अधिकार मामलतदाराला नसे आणि त्यांच्या निशाणीवाचून हिशेब दप्तरी मान्य होत नसे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी हा बंदोबस्त सैल झाला आणि मामलती सर्वांत चढी बोली करणाऱ्यास मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या लिलावाचे जे वर्णन करून ठेवले आहे त्यावरून असे दिसते की बोली करण्यास कचरणारा दरबारी मनुष्य धन्याच्या मर्जीतून उतरत असे, आणि मक्ता घेणारा तो तुकड्यातुकड्यांनी पोटमक्त्याने देत देत अखेर गावच्या पाटलापर्यंत नेऊन भिडवीत असे. पेशवाईचा वसूल आणि आजची बस या दोहोंची तुलना फार ताणू नये. एकात चढी बोली होती, दुसऱ्यात उतरती आहे. पण मक्ता दिल्यावर दरखदार काढून घेतला म्हणजे काय होते, याचा तो पुरावा आहे, आणि तो इंग्रजी कागदांतला असला तरी घरचाच आहे.

घरच्या खात्याला निविदेत उतरविण्याचा प्रयोग मात्र परदेशांत पुष्कळ झालेला आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या राजधानीत, फीनिक्स शहरात, १९७० च्या दशकाच्या अखेरीस कचरा उचलण्याचे काम खाजगी कंपन्यांना देण्याचे ठरले, तेव्हा तेथील सार्वजनिक बांधकाम खात्याचा प्रमुख रॉन जेन्सन याने, आमच्याही खात्याला दर भरू द्यावा, असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. शहराचे विभाग पाडून एकेका विभागाची निविदा निघे. खात्याने लबाडीने खर्च दडवू नये म्हणून त्याचा हिशेब शहराचा लेखापरीक्षक तपाशी. पहिल्या फेऱ्यांत खाते हरले, आणि एकदाच नव्हे. हरल्यावर मात्र त्या खात्याने गाऱ्हाणे न मांडता, गाडी हाकणाऱ्यांनाच विचारून मार्ग नव्याने आखले आणि एका माणसाने चालवावयाची, बाजूने पिंप उचलणारी गाडी कामात आणली. परिणामी १९८४ साली त्याने एक मोठा मक्ता परत मिळविला आणि १९८८ पर्यंत गमावलेले सारे विभाग पुन्हा जिंकले. एखाद्या सरकारी खात्याने आपला पराभव इतक्या निमूटपणे पचवून त्यातून विद्या मिळविल्याची उदाहरणे विरळा, म्हणूनच हे प्रकरण पुढे कारभारशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसले.

याहून मनोरंजक कथा अमेरिकेतल्याच इंडियानापोलिस शहराची आहे. तेथे १९९२ साली महापौरपदी आलेला स्टीफन गोल्डस्मिथ हा खाजगीकरणाचा कट्टर पुरस्कर्ता होता आणि कामगार संघटना अर्थातच त्याच्या विरुद्ध होती. रस्त्यावरचे खड्डे बुजविण्याचे काम निविदेस काढताना त्याने संघटनेला बोली करण्याची मुभा दिली. कामगारांनी हिशेब मांडला आणि महापौरापुढे एक अवघड प्रश्न ठेवला: चौऱ्याण्णव कामगारांवर बत्तीस मुकादम आमच्या खर्चात धरले आहेत, त्यांचे ओझे घेऊन आम्ही खाजगी कंपनीशी कशी टक्कर द्यावी? हे मुकादम बहुतांशी महापौराच्याच पक्षाच्या वशिल्याने लागलेले होते. गोल्डस्मिथच्या चांगुलपणाची परीक्षा तेथे झाली, आणि त्याने स्वपक्षीयांचा रोष पत्करून त्यांतल्या बऱ्याच जणांना घरी पाठविले. खड्डे बुजविण्याचा खर्च सुमारे चतुर्थांशाने उतरला आणि काम शहराच्या कामगारांकडेच राहिले. सरकारी काम महाग पडते ते हात चालविणाऱ्यांमुळे की त्यांच्या डोक्यावर बसविलेल्यांमुळे, याचे उत्तर तेथे मिळाले ते घरच्या माणसाला हिशेब मांडू दिला म्हणून. वह्या मुकादमांच्याच हाती असत्या तर ते कधीही मिळाले नसते.

इंग्लंडमध्ये हाच प्रयोग कायद्याच्या सक्तीने झाला. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८८ च्या कायद्याने नगरपालिकांवर असे बंधन घातले की कचरा उचलणे, रस्ते झाडणे, इमारतींची सफाई, शाळांतील मुलांचे जेवण अशी कामे खात्यामार्फत करावयाची असतील तर प्रथम ती खुल्या निविदेस काढावीत आणि खात्याने तेथे जिंकून दाखवावे. त्या आधीच, १९८६ साली, सायमन डॉम्बर्गर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कचरा उचलण्याच्या खर्चाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांना असे आढळले की जेथे काम खाजगी कंपनीकडे गेले तेथे खर्च सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाला, आणि जेथे निविदा निघून काम खात्यानेच जिंकले तेथेही तो सुमारे १७ टक्क्यांनी घटला. या दोन आकड्यांतील अंतर लहान आहे, त्याचा अर्थ मोठा आहे. बचतीचा मोठा भाग मालक बदलल्याने झालेला नव्हता, कोणीतरी दुसरा तेच काम मागावयास उभा आहे या जाणिवेने झालेला होता. खाजगीकरणाचे समर्थक पहिला आकडा सांगतात आणि दुसरा गिळतात.

परंतु बचत कोणाच्या ताटातून निघाली, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर नॉर्थ यॉर्कशायर परगण्यातील शाळांच्या स्वयंपाकघरांत सापडते. तेथे मुलांना जेवण करून वाढणाऱ्या बहुतेक साऱ्या बायका, त्यांतही अर्धवेळ काम करणाऱ्या. श्रममूल्यांकनात त्यांचे काम रस्ते झाडणाऱ्या व बागकाम करणाऱ्या पुरुषांच्या कामाच्या बरोबरीचे ठरलेले होते आणि पगारही त्या बरोबरीने मिळत होता. निविदा आली तेव्हा खाजगी कंपन्या बायकांना बाजारभावाने, म्हणजे कमी पैशांत, राबविणार हे उघड दिसत होते. त्यांच्यावर मात करण्यासाठी परगण्याच्या खात्याने या बायकांचे पगार उतरविले आणि मक्ता जिंकला. बायका न्यायालयात गेल्या. प्रकरण त्यांच्यातल्या रॅटक्लिफ यांच्या नावाने हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचले आणि १९९५ साली निर्णय त्यांच्या बाजूने लागला: बाजारात बायकांची मजुरी स्वस्त आहे, एवढ्या कारणाने समान मोलाच्या कामाला कमी दाम देता येणार नाही. म्हणजे घरच्या खात्यालाही स्पर्धेत उतरविले की ते साधू बनून उतरत नाही. जिंकण्यासाठी तेही दुबळ्याच्याच खिशात हात घालते. स्पर्धेचे रिंगण आखताना मजुरीचा प्रश्न रिंगणाबाहेर ठेवला नाही तर ती स्पर्धा कार्यक्षमतेची न राहता लाचारीची होते. नगरपालिकांवरची निविदेची ही सक्ती २००० साली रद्द झाली.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने तर या प्रकाराची पोथीच रचली होती. १९६६ साली निघालेल्या शहात्तराव्या क्रमांकाच्या परिपत्रकान्वये सरकारी नोकरांच्या चमूने आपल्या कामाची काटकसरीची रचना करून दर द्यावा, खाजगी कंपनीने तिचा द्यावा, आणि कंपनीचा दर मनुष्यबळाच्या खर्चाच्या किमान दहा टक्क्यांनी (मोठ्या कामांत ठरावीक रकमेने) कमी असल्यासच काम बाहेर जावे, असा हिशेब पुढे रूढ झाला. कागदावर याहून निष्पक्ष काही असू शकत नाही. पण वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात इमारतींची देखभाल आणि तत्सम कामे या चाचणीस लावली गेली, तेव्हा निकाल लागावयास वर्षे गेली. २००४ साली सरकारी चमू स्वस्त ठरला, मग तक्रारी होऊन हिशेब फिरला, २००६ साली मक्ता कंपनीला मिळाला आणि प्रत्यक्ष ताबा घेण्यास २००७ उजाडले. या दीर्घ टांगणीत तीनशेच्या आसपास असलेली माणसे नोकऱ्या सोडत सोडत साठाच्या घरात आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत एका वर्तमानपत्राने तेथे बुरशी चढलेल्या खोल्यांत राहणाऱ्या जखमी सैनिकांच्या हालअपेष्टा उजेडात आणल्या. भिंतींवरच्या त्या बुरशीचा सारा दोष निविदेवर ढकलणे अन्यायाचे होईल. माणसे निघून जात आहेत हे ठाऊक असून कागद पुढे सरकवीत बसणाऱ्यांचा दोष मात्र निर्विवाद आहे. पुढे अमेरिकन काँग्रेसने अशा नव्या चाचण्यांना मनाई केली.

आता पुन्हा मुंबईकडे येऊ. येथे खात्याला दर विचारला गेला नाही. त्याऐवजी उपक्रमाचा चालू खर्च दर किलोमीटरला अमुक आणि कंत्राटदाराचा दर तमुक, अशी दोन आकड्यांची जोडी वर्तमानपत्रांतून पुनःपुन्हा मांडली गेली, आणि लोकांना ती पटलीही. ही दोन मापांनी मोजलेली धान्ये आहेत. उपक्रमाच्या आकड्यात वाहकाचा पगार येतो, निरीक्षक येतो, तिकिटांची यंत्रणा येते, आगारे येतात, वरिष्ठांचे दप्तर येते, जुन्या झालेल्या गाड्यांची वाढती दुरुस्ती येते आणि निवृत्त झालेल्यांच्या देण्यांचाही भार येतो. कंत्राटदाराच्या दरात यांतले बहुतेक काही नसते, कारण ते उपक्रमाने आपल्याच अंगावर ठेवलेले असते. आणि गाडी बाहेर गेली म्हणून हे खर्च नाहीसे होत नाहीत, ते उरलेल्या थोड्या गाड्यांवर वाटले जाऊन त्या आणखीच महाग दिसू लागतात. अशा रीतीने प्रत्येक मक्ता पुढच्या मक्त्याचे समर्थन स्वतःच निर्माण करतो.

बेस्टचे कामगार आणि त्यांच्या संघटना निरपराध होत्या असे म्हणण्याची माझी तयारी नाही. विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघत असे त्या सुखाच्या काळात ना व्यवस्थापनाने मनुष्यबळाचा हिशेब नीट घातला ना संघटनांनी घालू दिला, आणि २०१९ च्या जानेवारीत नऊ दिवस गाड्या बंद राहिल्या तेव्हा शहराची सहानुभूतीही आटत गेली होती. त्याच वर्षी जूनमध्ये व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात समझोता झाला. भाड्याच्या गाड्यांना कामगारांनी संमती द्यावी, आणि उपक्रमाने स्वतःच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा कायम राखावा, असा तो सौदा होता. जुलैत किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आले, उतारू परतले, सर्वत्र आनंद झाला. सौद्याचा पहिला भाग तंतोतंत पाळला गेला. दुसऱ्या भागाचे काय झाले ते वर दिलेल्या आकड्यावरून दिसतेच: आयुष्य संपलेल्या गाड्या मोडीत गेल्या आणि त्यांच्या जागी पुरेशा घेतल्या गेल्या नाहीत. कंत्राटदाराशी केलेला करार मोडला तर लवाद बसतो, नुकसानभरपाई लागते. कामगारांशी केलेला मोडला तर एक निवेदन येते. मे २०२५ मध्ये किमान भाडेही दहा रुपये झाले.

दरम्यान मक्त्याचे दुसरे गुण प्रकट होत गेले. २०२२ साली एका कंत्राटदाराने परवडत नाही म्हणून आपल्या अडीचशेहून अधिक छोट्या गाड्या काढून घेतल्या आणि त्या मार्गांवरचे उतारू रस्त्यात उभे राहिले. उपक्रमाजवळ त्यांच्या जागी उतरविण्यास राखीव ताफा राहिलेला नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये एका कंत्राटदाराच्या चालकांनी सुरू केलेला संप पाहता पाहता अनेक आगारांत पसरला. त्यांची मुख्य मागणी समान कामाला समान वेतनाची होती, आणि ती ऐकावयाची कोणी, उपक्रमाने की कंत्राटदाराने, हेच कित्येक दिवस ठरेना. अखेर प्रकरण मुख्यमंत्र्यांपर्यंत न्यावे लागले. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात भाड्याची विजेवरील गाडी गर्दीत शिरून अनेकांचे प्राण गेले. तो खटला न्यायालयापुढे असल्याने दोष कोणाचा हे लिहिणे योग्य नव्हे. पण चालकाला या गाडीचे शिक्षण किती दिले होते हा प्रश्न लोकांनी विचारला, तेव्हा त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणा एकाच्या माथी स्पष्टपणे टेकलेली नव्हती, एवढे सर्वांनी पाहिले.

हे बसपुरतेच घडते असेही नाही. याच महानगरपालिकेच्या कचरा उचलणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांना, कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत वर्षानुवर्षे खटला लढविल्यानंतर, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम नोकर म्हणून मान्यता दिली. ते कायमस्वरूपाचे काम कायमस्वरूपी माणसांकडून करून घेत असता मध्ये उभा केलेला कंत्राटदार हा केवळ पडदा होता. त्या पडद्याने वाचविलेला पैसा खटल्याच्या शेवटी द्यावाच लागला. त्याचा हिशेब ‘स्वस्त पडते’ म्हणणाऱ्यांनी कोणत्या वहीत लिहिला असेल?

माझे मत असे झाले आहे की खाजगी गाड्या अजिबात नकोत ही मागणी आज अव्यवहार्य आहे आणि पूर्वीचा बेस्ट जसाच्या तसा परत आणावा ही मागणी भाबडी आहे. मात्र शहराजवळ स्वतः चालविलेली काही आगारे असलीच पाहिजेत. कारण खात्याचा स्वतःचा चालू हिशेब हाच पुढच्या निविदेतला दर खरा की खोटा हे तपासण्याचा एकमेव गज आहे, आणि तो एकदा मोडला की सर्वांत कमी दर म्हणजे काय हे ठरविणारे फक्त विकणारेच उरतात. पहिल्या फेरीत दर खाली येईल. करार संपून दुसरी फेरी येईल तेव्हा ज्याच्याजवळ गाड्या, चालक आणि चार्जिंगची सोय आहे तो कंत्राटदार बोली करील, आणि उपक्रमाजवळ नाही म्हणण्याचे सामर्थ्य असणार नाही. मुंबई महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. म्हणजे बेस्ट समितीत या प्रश्नांवर जी भांडणे व्हावयाची तीही झाली नाहीत. आगारांचे हे विसर्जन मोठ्या प्रमाणात अशा निःशब्द काळातच पार पडले आहे.

म्हणून मुंबईकर वाचकांना विनंती आहे ती एवढीच. पुढील भाड्याच्या गाड्यांची जाहिरात निघेल तेव्हा आपल्या नगरसेवकाला गाठून विचारावे की याच गाड्या उपक्रमाने स्वतः घेऊन स्वतः चालविल्या तर दर किलोमीटरला किती खर्च येईल, तो आकडा निविदा उघडण्यापूर्वी मोहोरबंद ठेवला होता काय, महापालिकेच्या मुख्य लेखापरीक्षकाने तो तपासला काय, आणि दोन्ही लिफाफ्यांत चालकाचा पगार सारखाच धरला होता काय. उत्तर तोंडी मिळाले तर ते लेखी मागावे.